शंभरची खूण

निपाणी
सोमवार, २६ ऑक्टोबर १९८७

जोतिबा,

आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते, आशीर्वाद. बाकीच्या रीती तूही पाळल्या नाहीस आणि मीही. परवा भाऊबीजेला आईनं सवयीनं तुझा पाट मांडला. मी तो उचलून भिंतीला लावून ठेवला. आप्पांनी पाहिलं आणि मागावर जाऊन बसले. सणाच्या दिवशी माग चालवायचा नसतो हे त्यांना काय मी सांगायचं?

हे पत्र भांडण उकरायला नाही. मला तुझी मदत हवी आहे आणि लवकर हवी आहे. मी घाबरले आहे. तानीआक्का घाबरली हे वाचून तुला हसू येईल. हसून घे आणि पुढं वाच.

वडगावच्या घरात, मागाच्या खोलीशेजारी बसून आपण दोघांनी जी पेटी केली, कमी दिवसांच्या बाळांना ऊब देणारी, ती इथल्या एका डॉक्टरांनी श्रावणात घेतली. तुला कळवलं नाही. कळवण्यासारखं आपल्यात काही उरलं नव्हतं. दोन महिने ती त्यांच्या दवाखान्यात कापड पांघरून उभी होती. आता तिच्यात बाळ आहे. मुलगी आहे, सातव्या महिन्यातच झालेली, माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढी. भाऊबीजेच्या संध्याकाळी शेजारच्या दुकानात फोन आला, 'तुमची पेटी सुरू केली, ताबडतोब या.' तेव्हापासून मी इथंच आहे. कुणाची मुलगी ते विचारू नकोस. निपाणीतल्या एका बाईची आहे.

काय होतंय ते सांगते. सेन्सर बाळाच्या पोटावर चिकटवलाय. आपले लाल आकडे समोर दिसतात. पेटी साडेछत्तीसला लावली आहे, म्हणजे त्याच्या खाली गेलं की हीटर लागतो आणि वर गेलं की बंद होतो. पण आकडा जागेवर राहत नाही. हीटर चालू-बंद करणारा रिले 'टक्' वाजला की आकडा उडी मारतो. त्याहून वाईट म्हणजे दवाखान्याच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. गिरणी सुरू झाली की लाईट मंद होतात आणि आपला आकडा जवळजवळ एक डिग्री वर चढतो. पेटीला वाटतं बाळ तापलं. ती हीटर बंद करते. दळण संपेपर्यंत बाळ गारठत पडतं आणि समोर आकडा मात्र झकास.

इथल्या सिस्टर सोनाबाई आहेत, जुन्या आणि जिभेनं तिखट. काल मला म्हणाल्या, "बाई, तुमची पेटी दळणावर चालतीया व्हय? मग गव्हाला एक आकडा आन् जोंधळ्याला दुसरा लावून द्या की."

मला हसताही येईना.

सर्किट तू काढलंस, प्रोग्रॅम मी लिहिला. माझ्या प्रोग्रॅमला जो आकडा मिळतो तोच मी दाखवते. सेन्सरच्या व्होल्टचा आकडा करणारी जी चिप आहे, ती पाच व्होल्टच्या सप्लायलाच पट्टी मानून मोजते. लाईन पडली की सप्लाय पडतो. म्हणजे कापड तेवढंच आणि गजच आखूड झाला, मग कापड जास्त भरणारच. असं मला वाटतं. बरोबर आहे का ते लिही. आणि आणखी एक, सेन्सरला शून्याची आणि शंभरची खूण तू लावलीस ती नक्की आहे ना? तेवढं कळव म्हणजे मला बाकीच्याकडे बघता येईल.

पत्र मिळाल्या दिवशी उत्तर टाक. माझ्यावरचा राग नंतर काढ. तो कुठं जात नाही.

तानीआक्का


निपाणी
गुरुवार, २९ ऑक्टोबर

जोतिबा,

तुझ्या उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून जमलं तसं केलं.

मंगळवारी एसटीनं वडगावला गेले. तुझ्या टेबलाच्या खणात अडीच व्होल्टचा तो रेफरन्सचा डायोड होता, बिस्किटाच्या पुड्यात गुंडाळलेला. तो सुटा बोर्ड होता ना, त्याच्यावर बसवला. आता ती चिप पाच व्होल्टच्या सप्लायकडे बघत नाही, या डायोडकडे बघते, आणि डायोडला गिरणीचं काही देणंघेणं नाही. हीटरची परतीची तार आणि सेन्सरची परतीची तार तू एकत्र आणली होतीस. हीटरचा सगळा करंट सेन्सरच्या दारातून ये-जा करत होता. ती तार तोडली, वेगळी नेली आणि सगळ्या तारा एकाच ठिकाणी बांधल्या. प्रोग्रॅमही बदलला. हीटर बंद असेल तेवढ्याच वेळात मोजायचं, चौसष्ट वेळा मोजायचं, फार वरचे आणि फार खालचे आकडे टाकून द्यायचे आणि उरलेल्यांची सरासरी दाखवायची. आप्पा मागं उभे राहून बघत होते. म्हणाले, "येकदा मोजून भागत न्हाय व्हय तुमचं?" मी म्हटलं, "आप्पा, तुमी सूत हातात घेऊन कितींदा बघता?" तेव्हा मागाकडे वळले.

काल बोर्ड बदलला. बदलताना हीटर बंद ठेवावा लागला. सोनाबाईंनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना ठेवल्या. घाईत एक स्क्रू पेटीच्या तळाशी पडला आणि तो हुडकताना त्या मुलीचा श्वास थांबला. ती अधूनमधून श्वास घ्यायची विसरते. सोनाबाईंनी तळपायावर टिचकी मारली तेव्हा परत सुरू झाला. तो स्क्रू तसाच राहिला. तीन स्क्रूंवर बोर्ड उभा आहे.

पण जोत्या, आकडा असा थांबला म्हणून सांगू! गिरणी लागली, रिले वाजला, कुणी बाहेर स्कूटर चालू केली, तरी साडेछत्तीस म्हणजे साडेछत्तीस. डॉक्टर आले, गिरणीचा आवाज ऐकत मिनिटभर आकड्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता मी हे मशीन मानलं." मला तुला तार करावीशी वाटली.

हे काल दुपारचं. आजचं वेगळंच आहे.

मुलीचे पाय गार आहेत. पेटीच्या भोकातून हात घालून मी तिचा तळवा धरते तेव्हा तो आपल्या मागाच्या खोलीतल्या फरशीसारखा लागतो. अंगाचा रंग काल गुलाबी होता, आज मळकट दिसतो. ड्रॉपरनं दूध घालतात ते ओठांतून परत येतं. वजन उतरतंय. सोनाबाई काखेत थर्मामीटर लावतात, तो शहाण्णव दाखवतो. तो फॅरनहाइटचा, आपल्या आकड्याहून दीड-दोन डिग्री कमी. मी विचारलं तर म्हणाल्या, "काखंतलं कमीच दावतंय बाई. येक मिळवायचं आन् लिवायचं. आमी आज करतोय व्हय ते?" डॉक्टरही तेच म्हणाले. म्हणाले, तुमचं मशीन आता ठाम आहे, पाय गार लागतात ते कमी दिवसांच्या बाळांचं रक्त पायापर्यंत पोचत नाही म्हणून.

असेलही. मी काय डॉक्टर आहे? पण ही भीती मला एकटीला पेलत नाही, म्हणून आता शपथ मोडते.

जोतिबा, मुलगी तुझी आहे.

पेटीतली मुलगी तुझी आणि अंजनाची आहे. तू मे महिन्यात भांडून गेलास तेव्हा अंजनाला स्वतःलाच नक्की ठाऊक नव्हतं. कळल्यावर मी म्हटलं, कळवूया. ती म्हणाली, "त्येंनी विचारलं तर सांगीन. न्हाईतर न्हाई." आणि मला गप्प राहायची शपथ घातली. तू विचारलं नाहीस. निपाणीच्या शाळेतली नोकरी सोडून तिनं तुझ्यामागं बंगळूरला यावं असं तुला वाटत होतं आणि नवऱ्यानं एकदा तरी मागं वळून बघावं असं तिला वाटत होतं. दोघंही मागाच्या खुंट्यासारखे ताठ. मी मध्ये बोलले तर तू मला म्हणालास, 'आक्का, तुझं लग्न झालेलं नाही, तुला यातलं काय कळतंय?' ते राहू दे. आज मला त्याचं काही वाटत नाही. आज मला फक्त त्या तळपायाचं वाटतं.

अंजना बरी आहे. शेजारच्या खोलीत खाटेवर आहे. तिची आई मनुबाई डबा घेऊन येते आणि पेटीकडे बघायचं टाळते. हे पत्र मी लिहिलं हे अंजनाला माहीत नाही.

ये. कसाही ये.

आक्का


निपाणी
शनिवार, ३१ ऑक्टोबर

जोतिबा,

आज टपालात तुझं उत्तर आलं. माझ्या सोमवारच्या पत्राचं. गुरुवारचं पत्र तुला मिळायच्या आधी तू हे टाकलंस हे तारखेवरून कळतं. म्हणून त्यातल्या कोरडेपणाचं मी मनावर घेतलं नाही. सात ओळी. एक ओळ रेफरन्सची, एक सरासरीची, आणि मग हे: 'शून्याची व शंभरची खूण मी स्वतः लावली आहे, बर्फात व उकळत्या पाण्यात, पुस्तकाप्रमाणे. तिला हात लावू नकोस.'

मला हायसं वाटलं. खुणा पक्क्या, पट्टी पक्की, आकडा पक्का, मग पेटी खोटं बोलत नाही. मी ते अंजनाला वाचून दाखवलं. तुझं अक्षर तिनं पाकिटावरच ओळखलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. मग वळली.

"उकळत्या पाण्याला शंभर धरलं त्येंनी? वडगावात?"

"मग किती धरायचं?"

"आक्का, आमच्या शाळेत कुटल्याच थर्मामीटरला पाणी शंभराला उकळत न्हाई. अठ्ठ्याण्णवाला उकळतंय. दरवर्षी पोरं अठ्ठ्याण्णव बघत्यात आन् वहीत शंभर लिवत्यात. लिवलं न्हाई तर परीक्षक मार्क कापतोय. मीच सांगते लिवा म्हणून. मीच लाल पेनानं बरोबरची खूण करते."

मी म्हटलं, तुमच्या शाळेचे थर्मामीटर भंगार असतील.

"समदेच? पुस्तकात बारीक अक्षरात असतंय, समुद्रसपाटीला शंभर. आपण कुटं समुद्रावर बसलोय? घाट चढून वर आलोय की." असं म्हणून ती हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा उतरला. तिला माझ्या आधी कळलं होतं.

आठवतंय तुला? आईच्या स्वयंपाकघरात स्टोव्हवर पातेलं, त्यात सेन्सर, आणि तू म्हणालास, 'पाण्यापेक्षा खरं काय असणार?' मीही मान डोलावली. थर्मामीटर शेजारी ठेवून बघायचं दोघांनाही सुचलं नाही. आपण दोघंही याच शाळांत शिकलो ना. आपणही अठ्ठ्याण्णव बघून शंभर लिहून पास झालो.

शाळेला दिवाळीची सुट्टी आहे. शिपाई मष्णू दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत राहतो. अंजनाबाईंचं नाव सांगितल्यावर किल्ली घेऊन आला. "सुट्टीत कसला प्रयोग बाई?" म्हणून त्यानं विचारलं. मी त्याला बर्फ आणायला पाठवलं. प्रयोगशाळेत होते तेवढे थर्मामीटर बर्फात घातले, सगळे शून्यावर, आणि माझ्याजवळचा जादा सेन्सरही. मग थर्मामीटर उकळत्या पाण्यात घातले, कुणी अठ्ठ्याण्णव, कुणी त्याच्या जरा खाली. शंभर एकानंही दाखवलं नाही. मग कोमट पाणी केलं, त्यात थर्मामीटर आणि तो सेन्सर शेजारी शेजारी धरले. तो पेटीतून काढलेल्या जुन्या बोर्डाला जोडला होता. मष्णूला म्हटलं गिरणी बंद आहे का बघून ये. तो बघून आला. बंद होती.

आपला आकडा साडेछत्तीस. थर्मामीटर साडेपस्तीसच्या जरा वर.

जवळजवळ एक डिग्री, जोत्या. गेले इतके दिवस तुझी मुलगी एक डिग्री गार पडून आहे आणि आपली पेटी तिला म्हणते आहे, तू बरी आहेस. आधी निदान आकडा नाचत होता, तेव्हा डॉक्टरांना संशय तरी होता. मी तो थांबवला. आता त्यांना कसलाच संशय नाही.

मी धावत दवाखान्यात आले. डॉक्टर दुपारीच चिकोडीला घरी गेले होते. उद्या एक तारीख, सीमाभागाचा काळा दिन, गाड्या बंद. ते सोमवारी येणार.

हे पत्र टाकायला आता पोस्ट उघडं नाही. तरी लिहिते आहे. लिहिलं नाही तर मी ओरडेन असं वाटतं.

आक्का


निपाणी
रविवार, १ नोव्हेंबर

जोतिबा,

बाहेर सगळं बंद आहे. दुकानांच्या फळ्या लागलेल्या. गिरणीसुद्धा बंद. इतकी शांतता आहे की रिलेचा 'टक्' बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत ऐकू येतो.

सकाळी डॉक्टरांना चिकोडीला ट्रंक कॉल लावला. लागायला खूप वेळ गेला. मी सगळं सांगितलं, बर्फ, उकळतं पाणी, समुद्रसपाटी, आणि आकडा एक डिग्री वर न्यायला हवा हेही. माझं मलाच ते खुळ्यासारखं ऐकू येत होतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, बुधवारी तुम्ही म्हणालात मशीन आता पक्कं झालं. आज म्हणता चुकीचं आहे. उद्या काय म्हणाल? मशीन तुमचं असेल, पेशंट माझा आहे. साडेसदतीस म्हणजे ताप. एवढ्या बाळाला ताप आला तर मेंदूवर जातं. मी येईपर्यंत हात लावू नका." मी पाय गार आहेत म्हणेपर्यंत फोन तुटला. परत लागला नाही.

त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते.

पेटीजवळ आले. मुलगी आता रडतसुद्धा नव्हती. तोंडाभोवती निळसर दिसत होतं. सोनाबाईंनी काखेत थर्मामीटर लावला, तो शहाण्णवाच्याही खाली. मी त्यांच्याकडे बघितलं. या खेपेला त्यांनी एक मिळवला नाही.

मी म्हटलं, "सिस्टर, मी नॉब वाढवणार."

"बाई, माजी नोकरी जाईल हो."

"तुमी बाहेर जावा. मी एकटीनं केलं म्हणून सांगा."

त्या गेल्या नाहीत. दाराला कडी लावून परत आल्या आणि पाय धरून बसल्या.

मी नॉब जरासा वाढवला. हीटर लागला. आकडा चढू लागला, सावकाश. छत्तीस सात. छत्तीस नऊ. थांबले. पाय गारच. आणखी वाढवला. सदतीस. सदतीस एक. मग एकदम बझर वाजायला लागला.

तूच बसवला होतास तो. सदतीस दोनला वाजायचा आणि हीटर तोडायचा. मी म्हटलं होतं, एवढा मोठा आवाज कशाला, बाळ दचकेल. तू म्हणालास, 'आक्का, आपण दोघं चुकलो तर हा ओरडेल.' आता तो ओरडत होता, हीटर बंद झाला होता आणि आकडा खाली येत होता. माझ्या हातात पकड होती. बझरची आणि हीटर तोडणारी अशा दोन्ही तारा एकाच जागेवरून जातात. त्या तोडल्या की पेटीला अडवणारं काहीही उरत नाही. माझा हिशेब चुकला असेल, शाळेचे थर्मामीटर सगळे एकाच खोक्यातले, एकाच खोडीचे असतील, तर ही मुलगी माझ्या डोळ्यांसमोर भाजेल आणि काही वाजणार नाही.

माझ्यानं तोडवेना.  मी शेजारच्या खोलीत गेले. अंजना खाटेवर उठून बसली होती. बझरचा आवाज तिला ऐकू जात होताच.

मी सगळं सांगितलं. दोन्ही बाजूंनी सांगितलं. चुकले तर काय होईल तेही. मनुबाईनं कानांवर हात ठेवले.

अंजनानं एवढंच विचारलं, "बर्फात समदे थर्मामीटर शून्यावर हुते?"

"समदे."

"तुमचा सेन्सर पण?"

"व्हय."

"म्हंजे खालची खूण खरी. वरचीच तेवढी खोटी." ती ताठ बसली, जणू वर्गात फळ्यासमोर उभी होती. मग म्हणाली, "तोडा, आक्का. मीच सांगून पोरांकडनं शंभर लिवून घेतलं. आज मी अठ्ठ्याण्णव म्हणते. तोडा."

ती भिंतीला धरून माझ्याबरोबर आली. मी तारा तोडल्या. आवाज बंद झाला आणि त्या शांततेची मला बझरहून जास्त भीती वाटली.

आकडा सदतीस चारवर आहे. मी हे पत्र पेटीच्या काचेवर कागद ठेवून लिहिते आहे. एक हात आत आहे. दर थोड्या वेळानं सोनाबाई काखेत थर्मामीटर लावतात. सत्त्याण्णव झाला आहे. पाय कसा लागतो हे तू विचारशील. मला कळत नाही. माझे स्वतःचे हात भीतीनं बर्फ झालेत.

आक्का


निपाणी
मंगळवार, ३ नोव्हेंबर, सकाळ

जोतिबा,

सोनाबाई आत येऊन म्हणाल्या, "बाहीर येक मानूस बसलाय. पिशवी मांडीवर घेऊन. तुमच्यावानीच नाक हाय." म्हणजे गुरुवारचं पत्र तुला मिळालं.

मी बाहेर येत नाही. आले तर आधी रडेन आणि मग भांडेन, आणि दोन्हीला आज माझ्यात जीव नाही. म्हणून ही चिठ्ठी आणि आधीची दोन पत्रं सोनाबाईंकडे देते. ती टाकली नव्हती. बाकावर बसून क्रमानं वाच. शनिवारचं वाचून झाल्यावर तुला उठून कुठंतरी निघून जावंसं वाटेल. जाऊ नकोस. खूण तू लावलीस आणि मी मान डोलावली. ती दोघांची आहे. त्याचा हिशेब आपण वडगावला करू, आप्पांसमोर, पाहिजे तेवढा आवाज चढवून.

काल डॉक्टर आले. तुटलेल्या तारा बघून त्यांनी मला जे बोलायचं ते बोलून घेतलं, तेही चारचौघांत. मग स्वतःचा थर्मामीटर काढून काखेत लावला, बराच वेळ लावला, आणि खिडकीशी नेऊन बघितला. परत येऊन पुन्हा लावला.  नॉब आहे तिथंच राहू द्या असं सोनाबाईंना सांगितलं आणि जाताना मला म्हणाले, "खूण दुरुस्त करा आणि बझर जोडा. आज." मी आज दुपारी वडगावला जाऊन प्रोग्रॅममधला तो एक आकडा बदलून आणणार आहे.

मुलीचा रंग परत येतोय असं सगळे म्हणतात. काल संध्याकाळी दूध आत राहिलं. श्वास मात्र अजून विसरते. डॉक्टर म्हणतात महिनाभर काही सांगता येणार नाही. हे तुला आधीच सांगते, उगाच आशा घेऊन आत येऊ नकोस आणि उगाच मेल्यासारखं तोंड घेऊनही येऊ नकोस.

अंजनाला तू आलास हे सांगितलं. ती म्हणाली, "मी त्येंच्याशी बोलणार न्हाई." मी म्हटलं बरं. थोड्या वेळानं म्हणाली, "पोरगी दोघांची हाय. बघू दे की." मग पुन्हा भिंतीकडे वळली. तिच्याकडून आज एवढंच मिळेल.

तर आत ये. दाराशी मोरी आहे, कोपरापर्यंत साबणानं हात धू आणि ते गरम पाण्यात धरून ठेव, गार हात आत घालायचा नाही. डाव्या बाजूच्या भोकातून हात घाल. समोरच्या लाल आकड्याकडे बघू नकोस, तुला सवय आहे म्हणून सांगते. तिचा पाय धर आणि मला सांग, गरम लागतो का. मी तो इतका वेळ धरून बसले आहे की माझा हात मला खरा वाटेनासा झाला आहे.

आक्का